दौह्वाचा डावा डोळा

कीलुंग या बंदराच्या गावात कचऱ्याची गाडी संध्याकाळी साडेसहाला गाणं वाजवत गल्लीच्या तोंडाशी येते. गाडीवाला काही कुणाचा जावई नाही, कुणासाठी थांबत नाही. म्हणून सगळी गल्ली एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन रांगेत उभी असते. छत्री लागतेच. इथला हिवाळ्यातला पाऊस धो धो पडत नाही... नुसता चिकट, भुरभुरता, आठवडेच्या आठवडे तसाच. त्या दिवशीही तसाच होता, आणि रांग खोळंबली होती.

"साहेब, ही वाळू आहे!" गाडीवरचे काका ओरडत होते. "वाळू कचऱ्यात चालत नाही, किती वेळा सांगू?"

"मग टाकू कुठं?" पिशवीवाला माणूस भिजत उभा होता. उंच, खांदे पडलेले, तीन दिवसांची दाढी.

"समोर एवढा समुद्र पडलाय! माझ्या गाडीत नाही."

छाय-वेई त्याच्या मागे उभी होती. तिनं मान वाकडी करून पिशवीत डोकावलं. नारिंगी, बारीक, ओलसर वाळू. असली वाळू एकाच कामासाठी विकली जाते, आणि विकणाऱ्यांना छाय-वेईनं मनातल्या मनात आजवर हजार शिव्या दिल्या होत्या.

"पालीच्या पेटीतली ना?" तिनं विचारलं.

तो वळला. "तुम्हाला कसं कळलं?"

"कुठला डोळा मिटलाय तिचा?"

त्याचं तोंड उघडंच राहिलं. पावसाचे थेंब भुवईवरून गालावर आले तरी त्यानं पुसले नाहीत.

"डावा," तो म्हणाला. "...पण तुम्हाला—"

तेवढ्यात गाडी गाणं वाजवत निघूनही गेली. त्याची वाळू त्याच्या हातात, तिचा कचरा तिच्या हातात. ती स्वतःवरच वैतागली आणि म्हणाली, "चला. दुकान इथंच आहे. आणा तिला."

छाय-वेई एकोणतीस वर्षांची, एकटी, आणि गल्लीत तिला सगळे 'मास्तरीणबाई' म्हणत. गल्लीच्या टोकाला तिचं पालींचं दुकान होतं. पाली म्हणजे भिंतीवरच्या नव्हेत हं, पाळायच्या गेको... ठिपक्यांच्या, जाड शेपटीच्या, तोंडावर कायमचं हसू असलेल्या. बत्तीस पेट्या, एक डबा रातकिडे आणि दिवसभर घरघरणारं हवा कोरडी करायचं यंत्र. तिच्याकडून गेको घ्यायची म्हणजे आधी अर्धा तास शिकवणी. मागच्या वर्षी एक जोडपं शिकवणीला कंटाळून मांजर घेऊन गेलं.

तो पंधरा मिनिटांत परत आला. जॅकेटच्या आत, छातीशी जेवणाचा डबा, डब्याला भोकं, डब्याखाली गरम पाण्याची बाटली. बरं, एवढी तरी अक्कल आहे, असं तिला वाटलं.

डब्यात फिकट दुधी रंगाची गेको होती. नाव दौह्वा, इथल्या सोयाच्या मऊ पांढऱ्या खिरीवरून ठेवलेलं. उजवा डोळा टक्क उघडा. डावा मिटलेला, पापणी फुगलेली, कडेला वाळलेली चिकट रेघ.

"किडा पकडताना चुकते?"

"बोटभर अलीकडेच तोंड मारते. मला वाटलं, वय झालं."

"तोंड भिंतीला घासते?"

"हो... सारखं."

"कात कधी टाकली?"

"दहाएक दिवस झाले. पापणीवर थोडी राहिल्यासारखी वाटली होती."

"वाटली, आणि तुम्ही स्वस्थ बसलात." छाय-वेईचा आवाज चढला. "राहिलेली कात पापणीखाली जाते, वाळूचा कण जातो, मग ती घासते, मग पू धरतो. पेटीत वाळू नको, साधा कागदी टॉवेल घाला आणि रोज बदला. एका कोपऱ्यात ओल्या शेवाळाचा डबा ठेवा, म्हणजे कात अंगाला चिकटत नाही. किड्यांना जीवनसत्त्वाची पूड लावता?"

"पूड असते?"

"अरे देवा! औषध काही घातलंत?"

त्यानं खिशातून निळी बाटली काढली. "जहाजावर आम्ही सगळे हेच घालतो. डोळ्याला गार वाटतं."

"तुम्हाला गार वाटतं! तिला काय वाटतं विचारलंत? माणसाचे थेंब पालीच्या डोळ्यात... उद्या माझ्या डोळ्यात इंजिनाचं तेल घालाल."

"नाही घालणार," तो गंभीरपणे म्हणाला. "तेल मोजून मिळतं आम्हाला."

तिला हसू आलं. तिनं ते ओठांतच दाबलं, पण त्याला दिसलंच. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर थोडं काहीतरी हललं... आणि लगेच विझलं.

"ती माझ्या ताईची आहे," तो डब्याकडे बघत म्हणाला. "ताईनं चौदा वर्षं सांभाळली. सप्टेंबरमध्ये ताई गेली. तिचं बाकी काही उरलं नाही घरात. आणि मी दोन महिन्यांत..."

मास्तरीणबाईंची शिकवणी तिथंच संपली. तिनं गरम पाण्याची बाटली बदलून दिली आणि म्हणाली, "उद्या सकाळी डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर."

त्याचं नाव बो-युआन. मालवाहू जहाजावर इंजिन सांभाळायचा. पुढच्या गुरुवारी त्याचं जहाज सुटणार होतं, सात महिन्यांसाठी.

सोमवारी सकाळी डॉक्टर लियाओंनी भिंग लावून डोळा पाहिला, कोमट खारं पाणी सोडून धुतला, पापणीखालून कातीचा सुकलेला तुकडा काढला. दौह्वानं चक्क डॉक्टरांच्या अंगठ्याचा चावा घेतला. बो-युआन खालच्या मजल्यावर औषध आणायला गेला तेव्हा डॉक्टर हात पुसत छाय-वेईला म्हणाल्या, "थेंब सकाळ-संध्याकाळ. आणि शनिवारी मला दाखव. आत गाठ धरतेय असं वाटतं. सूज उतरली नाही तर ठेवून घेऊन साफ करावं लागेल. शनिवार चुकवू नकोस, डोळा वाट बघत नाही."

"हे तुम्ही मला सांगता?" छाय-वेई हसून म्हणाली. हेच वाक्य ती दुकानात दिवसातून चारदा म्हणायची.

बो-युआन वर आला तेव्हा शनिवारचं सांगायचं राहून गेलं. त्या वेळी खरंच राहून गेलं. खोटं मागून सुरू झालं.

"औषध घालायला दोन माणसं लागतात," तिनं त्याला बजावलं. "एकानं धरायचं, एकानं थेंब सोडायचा. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला दुकानात घेऊन या."

"रोज?"

"नाही, सणावारी. रोज म्हणजे काय, रोजच."

मग तो रोज येऊ लागला. छत्री दाराशी उघडी ठेवायचा, हात धुवायचा, तेही दोनदा, कारण ती उभी राहून बघायची. मग तळहातावर दौह्वाला घ्यायचा, अंगठ्यानं अलगद मान धरायचा. छाय-वेई त्याच्या मनगटाखाली आपला हात टेकवून थेंब सोडायची. थेंब पडला की दौह्वा जीभ काढून तो चाटायला बघायची आणि दोघं एकदमच "नको, नको!" म्हणायची. पहिल्या दिवशी त्याची पकड सैल पडली आणि थेंब बाहेर गेला. तिसऱ्या दिवशी त्याची पकड जमली आणि तिचाच नेम चुकू लागला.

"एवढ्या पेट्या, आणि प्रत्येकीला वेगळा चिमटा?" तो एकदा म्हणाला.

"एकीचा आजार दुसरीला जायला नको. नवीन आलेलीला महिनाभर वेगळी ठेवते. तिचं काम सगळ्यात शेवटी, आणि मग हात."

"मी नवीनच आहे की. मला आत कसं घेतलंत?"

"तुम्हाला दाराशीच उभं केलंय. बघा कुठं उभे आहात ते."

त्यानं खाली पाहिलं. खरंच, तो पायपुसण्यावरच उभा होता. तो हसला... मोठ्यानं, अगदी नाक फुरफुरवत. ताई गेल्यापासून आपण हसलोच नव्हतो, हे त्यानंच नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो आल्याचा गरम काढा घेऊन आला, आणि त्या दिवसापासून 'तुम्ही'चं 'तू' झालं, कुणी आधी केलं ते दोघांनाही आठवेना.

शुक्रवारी संध्याकाळी थेंब सोडताना छाय-वेईला पापणीच्या फटीत पांढरं दिसलं. दहीभाताच्या शितासारखं, घट्ट. तिचा हात क्षणभर थांबला.

"काय गं?" तो म्हणाला.

"काही नाही. हलली ती."

"सूज उतरतेय ना?"

आता इथं बाईनं खरं बोलायला हवं होतं की नाही? शब्द जिभेवर होते. उद्या शनिवार आहे, डॉक्टरांनी बोलावलंय, आत गाठ झालीय. पण डॉक्टर ठेवून घेतील, मग तो सकाळी सातला येणार नाही, संध्याकाळीही येणार नाही... आणि गुरुवारी जहाज सुटेल. तिच्या वाट्याला उरलेले पाच दिवस तिनं मनातल्या मनात मुठीत धरून ठेवले होते. मूठ उघडवेना.

"उतरतेय," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग मान हलवली.

शनिवार गेला. दोघांनी दुकानात बसून जाड शेवयांचं सूप खाल्लं. तो ताईबद्दल बोलला, ती आपल्या मोडलेल्या लग्नाबद्दल. शनिवारी डॉक्टरांचा दवाखाना आठपर्यंत उघडा असतो हे छाय-वेईला चांगलं ठाऊक होतं. साडेसातला तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि चहा ठेवला.

रविवारी तो तिला धक्क्यावर घेऊन गेला. दौह्वा त्याच्या जॅकेटमध्ये. बंदराचं पाणी राखाडी, आकाश राखाडी, जहाजंसुद्धा राखाडी. एकाच छत्रीत चालताना त्याचा बाहेरचा खांदा भिजत होता आणि तो छत्री तिच्याकडेच झुकवत होता.

"भिजतोयस."

"इंजिनवाल्याला पाण्याचं काय? मी आगीजवळ राहतो."

"तरी जवळ सरक."

तो सरकला. तिला सुख झालं. आणि त्याच्या जॅकेटमधला डबा उघडून बघायचं तिनं मुद्दाम टाळलं.

सोमवारी सकाळी त्यानं डबा उघडला. दौह्वा कोपऱ्यात चपटी पडली होती. पापणी आता मिटतही नव्हती. आतून पांढरट गाठ बाहेर आली होती, बुबुळ दिसत नव्हतं. समोर धरलेल्या किड्याकडे तिनं तोंडही वळवलं नाही.

टॅक्सी करून दोघं तडक डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर लियाओंनी दोन मिनिटं पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं. "डोळा काढावा लागेल," त्या म्हणाल्या. "आत्ताच. थांबले तर विष अंगात जाईल. शनिवारी आणली असतीत तर धुऊन निघालं असतं." मग त्या छाय-वेईकडे बघून हळू म्हणाल्या, "तू कशी काय चुकलीस गं?"

छाय-वेईनं दौह्वाचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

दवाखान्याच्या बाहेर, जिन्याच्या माथ्यावर, पत्र्याच्या छपराखाली एक बाक होतं. पत्र्यावर पाऊस टपटपत होता. बो-युआन बसला. ती उभीच राहिली.

"मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "डॉक्टरांनी. पहिल्याच दिवशी. तू खाली गेला होतास. शनिवारी आणायला सांगितलं होतं. आणि शुक्रवारी मला गाठ दिसली होती. मी लपवलं."

त्यानं छत्री मिटून बाकाखाली ठेवली.

"तिला ठेवून घेतलं असतं तर तू आला नसतास. म्हणून. दुसरं काही कारण नाही, मी शोधून पाहिलं." ती थांबली नाही. "जगाला शहाणपण शिकवते मी. आणि तुझ्या ताईच्या... मी तिचा डोळा खाल्ला, बो-युआन. दोन दिवस तू माझ्या दुकानात यावास म्हणून. आणि ते दोन माणसांचं, तेही खोटं. मी एका हातानं औषध घालते. दहा वर्षं घालतेय."

"ते मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"मंगळवारी मी लवकर आलो होतो. काचेतून पाहिलं. कोपऱ्यातल्या पेटीतलीला तू एकटीच औषध घालत होतीस. मी गल्लीत एक चक्कर मारून सातला परत आलो." तो हातांकडे बघत होता. "मला बरं वाटलं होतं."

ती हुंदका देऊन हसली, आणि हसणं लगेच आटलं, कारण त्याचा चेहरा हसरा नव्हता.

"आणि शनिवारचंही माहीत होतं," तो म्हणाला. "दवाखान्यातून फोनवर निरोप आला होता. शुक्रवारी दुपारी. उद्या दाखवायला आणा म्हणून. मी संध्याकाळी तुला विचारलं, सूज उतरतेय ना. तू हो म्हणालीस. तू खोटं बोलतेयस हे मला दिसत होतं, वेई. रात्रंदिवस डबा माझ्याजवळ असतो, मला गाठ दिसत नव्हती होय? पण तू हो म्हणालीस, आणि मला वाटलं... चला, अजून दोन दिवस मिळाले." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "पाल तर माझी होती."

ती त्याच्या शेजारी बसली. त्याला हात लावायचा तिला धीर झाला नाही. त्यानंही लावला नाही. आत दाराच्या पलीकडे चौदा वर्षांची म्हातारी जीव टाकेल की राहील, ते कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि बाहेर तिची दोन माणसं एका बाकावर, मध्ये हातभर जागा ठेवून बसली होती. दीड तास बसली.

दौह्वा जगली.

बुधवारी तिला सोडलं. डाव्या डोळ्याच्या जागी आता शिवलेली एक आडवी रेघ होती. डॉक्टरांनी दोन आठवड्यांचं औषध दिलं आणि सांगितलं की उजवा डोळा रोज बघा, रोज. बो-युआनची एक मावशी यिलानला होती, ती सांभाळायला तयार होती. छाय-वेईनं तेच गृहीत धरलं होतं. मावशीसाठी तिनं सगळं कागदावर मोठ्या अक्षरात लिहूनही ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी सातला तो दुकानात आला. पाठीवर सामानाची मोठी पिशवी, छातीशी डबा. डबा त्यानं टेबलावर ठेवला.

"यिलानची गाडी कितीची?" तिनं विचारलं.

"यिलानला नाही नेत." तो तिच्याकडे बघत नव्हता. "माफ केलं म्हणून नाही. तुलाही नाही आणि मलाही नाही. पण एका डोळ्याच्या पालीला खायला कसं घालायचं ते मावशीला येणार नाही, तुला येईल. म्हणून."

"हो," ती म्हणाली. "मला येईल."

तिनं चिमट्यात रातकिडा धरला आणि दौह्वाच्या उजव्या बाजूनं, हळू, थोडा हलवत पुढं नेला. दौह्वानं तोंड मारलं ते बोटभर अलीकडे. पुन्हा मारलं, पुन्हा चुकलं. बो-युआननं मान फिरवली. तिसऱ्यांदा दौह्वानं सगळं डोकंच वळवलं, एका डोळ्यानं नीट पाहिलं, वेळ घेतला... आणि किडा पकडला. कुरकुर आवाज झाला. दोघांपैकी कुणीच हसलं नाही, पण दोघांचाही अडकलेला श्वास सुटला.

"रोज फोटो पाठव," तो म्हणाला. "त्या डोळ्याचा. जहाजावर कधी नेट मिळतं, कधी नाही, तरी पाठव. आणि जरा जरी लाली दिसली, पाणी दिसलं—"

"तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि त्याच दिवशी तुला सांगेन. तुला आवडो, न आवडो."

"हं."

त्यानं पिशवी खांद्यावर सारखी केली, छत्री उचलली. तो दारापर्यंत पोचला होता.

"मग आजचंही आजच सांगते," ती म्हणाली. हात धुतलेले नव्हते, चिमटा हातातच होता. "मला तू हवा आहेस. हे शुक्रवारी सांगायला हवं होतं. तेवढं तोंडानं सांगितलं असतं, तर दुसरं काही लपवावं लागलं नसतं."

तो दारात पाठमोरा उभा राहिला. बाहेर गल्ली ओली, रिकामी.

"मलाही," तो म्हणाला. मग वळला, आणि त्याचे डोळे लाल होते. "मलाही तूच हवीस, वेई. पण आज त्याचा आनंद होत नाहीये मला."

"मलाही नाही," ती म्हणाली. "होईल तेव्हा कळव."

त्यानं मान हलवली, छत्री उघडली आणि धक्क्याच्या दिशेनं चालू लागला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती उभी राहिली. मग तिनं हात धुतले, दोनदा, आणि फोन घेऊन दौह्वाच्या उजव्या डोळ्याचा पहिला फोटो काढला.